आपला अझहर, तुमचा अझहर

कुरुंदा हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते बहुधा नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. वसमत तालुक्यातलं हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होतं, १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आहे. गावानं विचारवंत किती दिले हे जाणकार सांगतील. वाद घालणाऱ्यांची मात्र गावात कधीच वाण नव्हती. वादाची जागा म्हणजे एस.टी. थांब्याजवळचं हॉटेल. दोन लाकडी बाकं, धुरानं काळवंडलेली भिंत आणि फळीवर रेडिओ. पाऊस, कापसाचा भाव, निवडणूक हे विषय तिथं रोजचेच. पण विश्वचषक आला की सगळ्यांना मागं सारून एकच विषय उरायचा, यंदा आपल्या संघाचं काय होणार?

यातल्या ‘आपल्या’ या शब्दाविषयी मला आज बोलायचं आहे. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. खेळाच्या गप्पांत माणूस कुठला शब्द वापरतो, यात बराच इतिहास दडलेला असतो.

हा इतिहास कुरुंद्याच्या हॉटेलाहून जुना आहे. मुंबईत पारशी आणि युरोपियन यांच्या सामन्यांतून एक मोठी स्पर्धा उभी राहिली. १९०७ मध्ये तीत हिंदूंचा संघ आला, १९१२ मध्ये मुसलमानांचा आणि १९३७ मध्ये ‘द रेस्ट’ म्हणजे उरलेल्यांचा. विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते या उरलेल्यांत खेळत. क्रिकेट उत्तम होतं, गर्दी अफाट होती. पण प्रेक्षकांच्या तोंडी शब्द होता ‘आमचा’. गांधीजींनी १९४० मध्ये या जमातवार क्रिकेटला उघड विरोध केला आणि १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद झाली.

त्याच काळात दुसरा एक संघही घडत होता. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळायला उतरला. कर्णधार नागपूरचे सी. के. नायडू. भारतातर्फे पहिला चेंडू खेळला तो यष्टिरक्षक जनार्दन नवले यांनी. पहिल्या डावात पाच बळी घेतले मोहम्मद निसार यांनी. संघात पारशी होते, शीखही होते. भारत १५८ धावांनी हरला. पण मुंबईच्या मैदानावर एकमेकांविरुद्ध उभी राहणारी माणसं इथं एका बाजूनं उभी होती. आमचं कुरुंदा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. ते हिंदुस्थानात यायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. म्हणजे आमचं गाव भारतात येण्याआधी सोळा वर्षं भारताचा संघ मैदानात होता.

आता १९८३ कडे येतो. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. जून महिना, मृग लागलेला आणि त्यातच रमजान. अब्बा दिवसभर रोजा धरून असायचे, तरी दुपारी हॉटेलात जाऊन बसायचे. चहा नाही, पाणी नाही, नुसता वाद. वादात आशेला जागा फार नव्हती. १९७५ आणि १९७९ या दोन विश्वचषकांत मिळून भारतानं एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेशी. १९७९ मध्ये तर तेव्हा कसोटीचा दर्जाही नसलेल्या श्रीलंकेनं आपल्याला हरवलं होतं. इंग्लंडातले सट्टेवाले भारतावर एकाला सहासष्ट असा भाव देत होते.

हॉटेलात मात्र काही जण ठाम होते, यंदा काहीतरी होणार. हा भाबडेपणा कुठून आला याचा मी पुढं विचार केला. ती सगळी पेरणी करणारी माणसं होती. ढगाचा पत्ता नसताना धूळपेरणी करणारा शेतकरी भाव पाहून बी टाकत नाही. पाऊस येईल म्हणून टाकतो. नाही आला तर दुबार पेरतो आणि तेव्हाही येईल असंच म्हणतो. असल्या माणसाला एकाला सहासष्टची भीती कोण घालणार?

पहिल्याच सामन्यात भारतानं वेस्ट इंडिजला हरवलं, तेव्हा ठाम मंडळींची छाती फुगली. मग ऑस्ट्रेलियानं आपल्याला १६२ धावांनी लोळवलं, वेस्ट इंडिजनंही परतफेड केली आणि विरोधी बाक खूश झालं. १८ जूनला झिम्बाब्वेविरुद्ध आपली अवस्था ५ बाद १७ होती. तिथून कपिल देव यांनी नाबाद १७५ काढल्या. नवव्या गड्यासाठी त्यांनी सय्यद किरमाणींबरोबर १२६ धावांची अभंग भागी केली, त्यात किरमाणींचा वाटा २४ धावांचा. त्या सामन्याचं चित्रीकरण झालं नाही. आम्हाला तो कळला तो वसमतहून एस.टी.नं आलेल्या पेपरातून. सगळं हॉटेल कपिलचे चौकार मोजत असताना अब्बा म्हणाले, “त्या चोवीस धावा विसरू नका. कुणीतरी उभं राहावं लागतं, तेव्हा दुसऱ्याला मारता येतं.”

२५ जूनला, म्हणजे पहिल्या कसोटीच्याच तारखेला आणि त्याच लॉर्ड्सवर, अंतिम सामना झाला. आपला डाव १८३ वर आटोपला. अब्बा तरावीहची नमाज पढून हॉटेलात आले, तेव्हा फळीवरच्या रेडिओभोवती माणसं दाटीवाटीनं उभी होती. मदनलालच्या चेंडूवर कपिलनं रिचर्ड्सचा झेल घेतला आणि सामना फिरला. वेस्ट इंडिजचा डाव १४० वर संपला. त्या रात्री कुणी कुणाचा हे विचारायची कुणाला आठवणही झाली नाही. “आपण जिंकलो” एवढंच ऐकू येत होतं.

इथं थांबलो असतो तर भाषण गोड झालं असतं. पण १९९६ सांगितल्याशिवाय ते खरं होणार नाही.

तेव्हा कर्णधार होते मोहम्मद अझरुद्दीन. ते हैदराबादचे, म्हणजे आमच्या जुन्या राजधानीचे. त्यामुळे गावात त्यांच्याविषयी जरा जास्तच जिव्हाळा. ९ मार्चला बंगळुरात पाकिस्तानशी उपांत्यपूर्व सामना होता. सकाळी हॉटेलात एकानं हसत हसत विचारलं, “काय भाई, आज तुमचं कसं?” हा प्रश्न मला नवा नव्हता. मीही हसलो आणि म्हणालो, “तुमचं जसं तसं.” भारत ३९ धावांनी जिंकला. रात्री त्याच माणसानं मला मिठी मारली, “आपल्या अझहरनं काढला सामना!”

पुढचा सामना १३ मार्चला, कलकत्त्यात, श्रीलंकेशी. आदल्या रात्री हॉटेलात वाद रंगला, नाणेफेक जिंकली तर काय करावं? २ मार्चला दिल्लीत आपल्या २७१ धावांचा पाठलाग करून श्रीलंकेनं आपल्याला हरवलं होतं. तेव्हा जवळजवळ सगळ्यांचं मत पडलं, त्यांना पाठलाग करू द्यायचा नाही, आधी क्षेत्ररक्षण घ्यायचं. मला मिठी मारणारा तर बाकावर मूठ आपटून हेच सांगत होता.

अझरुद्दीन यांनी नाणेफेक जिंकली आणि नेमकं तेच केलं. श्रीलंकेच्या २५१ झाल्या. आपल्या १ बाद ९८ असताना सचिन यष्टिचीत झाला आणि बघता बघता ८ बाद १२०. अझरुद्दीन शून्यावर गेले. ईडन गार्डन्सवर बाटल्या पडल्या, आगी लागल्या, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. विनोद कांबळी रडत परतला. हॉटेलात शांतता होती. मग तोच माणूस माझ्याकडं बघत म्हणाला, “तुमच्या अझहरनं घालवलं.”

चार दिवसांत ‘आपला’चा ‘तुमचा’ झाला होता. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर बोलता आलं नाही. बोलले ते कोपऱ्यात बसलेले आमचे म्हातारे गुरुजी. “काल रात्री क्षेत्ररक्षण घ्या म्हणून बाक कोण बडवत होतं? अझहरनं तुझंच ऐकलं की रे. मग तो आज यांचा कसा झाला?” कुणीतरी हसलं. तो माणूस उठून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, माझ्यासमोर बसला आणि चहा सांगितला. दोन कप.

हॉटेलातल्या वादाची ही खुबी होती. तिथं तोंडातून वाकडा शब्द गेला, तरी सकाळी त्याच बाकावर यावं लागे. कालचं बोलणं ऐकलेली माणसं तिथंच बसलेली असत. आता वाद मोबाइलवर चालतो. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्ताननं भारताला दहा गडी राखून हरवलं. गोलंदाजी सगळ्यांचीच निष्प्रभ ठरली, पण त्या रात्री शिव्या पडल्या त्या मोहम्मद शमीला, आणि त्या धर्मावरून. कर्णधार विराट कोहलीनं जाहीरपणे त्याची बाजू घेतली, हे चांगलं झालं. शिव्या देणाऱ्यांना मात्र सकाळी कुणासमोर चहा प्यायचा नव्हता.

दोन वर्षांनी, १५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध शमीनं ५७ धावांत ७ बळी घेतले. त्या रात्री माझा फोन वाजला. १९९६ चाच तो माणूस. आता त्याचे केस पिकलेत, हळद घेऊन वसमतच्या बाजारात येतो तेव्हा भेट होते. म्हणाला, “भाई, बघताय ना? आपल्या शमीनं सात काढले.”

“बघतोय,” मी म्हणालो.

पुढं बराच वेळ आम्ही वाद घालत बसलो, अंतिम सामन्यात नाणेफेक जिंकली तर आपण काय करावं.