पासपोर्टचा अर्ज नेमका अडकतो कुठे?

तिकिटं काढून झालीत, व्हिसाची तारीख जवळ आलीय आणि वेबसाईटवर स्टेटस तीन आठवड्यांपासून एकच : 'पेंडिंग फॉर फिजिकल पोलीस व्हेरिफिकेशन'. अशा वेळी आपण सरसकट 'पासपोर्ट ऑफिस'ला नावं ठेवतो. पण तुमचा अर्ज एका ऑफिसात नसतोच. तो किमान तीन ठिकाणी फिरतो, आणि उशीर बहुतेक वेळा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना होतो.

पहिलं ठिकाण म्हणजे पासपोर्ट सेवा केंद्र. इथे ए, बी आणि सी असे तीन टप्पे असतात. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात. हे काम टीसीएस या खासगी कंपनीचे कर्मचारी करतात. बी आणि सी काउंटरवर मात्र सरकारी अधिकारी बसतात. एक कागदपत्रं तपासतो, दुसरा पासपोर्ट मंजूर करायचा की नाही ते ठरवतो. आतली रांग साधारण झपाट्याने सरकते. खरी अडचण असते ती केंद्रात शिरण्याची अपॉइंटमेंट मिळण्याची. उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि परदेशी विद्यापीठांचे प्रवेश यांच्या हंगामात मोठ्या शहरांत तारखा लांबतात. २०१७पासून पोस्ट ऑफिसांमध्येही अशी केंद्रं सुरू झाली, आणि जून २०१८पासून देशात कुठूनही अर्ज करायची सोय आहे. त्यामुळे पुण्यात तारीख मिळत नसेल तर दुसऱ्या शहरातल्या केंद्रात बघायला हरकत नाही. पडताळणी मात्र तुम्ही अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होते.

दुसरं ठिकाण, पोलीस ठाणं. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पासपोर्ट देतं परराष्ट्र मंत्रालय, म्हणजे केंद्र सरकार. पोलीस मात्र राज्य सरकारचे. पासपोर्ट अधिकारी ठाण्याच्या निरीक्षकाला 'उद्या अहवाल पाठवा' असा हुकूम सोडू शकत नाही. मग केंद्राने पैशांचा मार्ग काढला : अहवाल २१ दिवसांत आला तर राज्याला प्रत्येक अर्जामागे १५० रुपये मिळतात, उशीर झाला तर ५० रुपये. पण बंदोबस्त, सण, निवडणूक असं सगळं एकाच वेळी अंगावर असलेल्या ठाण्यात पासपोर्टची फाईल वर राहावी इतका काही तो शंभर रुपयांचा फरक मोठा नाही.

उशिराचा काही वाटा आपलाही असतो. नोकरीसाठी पुण्यात भाड्याने राहायचं आणि अर्जात लातूरच्या घराचा पत्ता टाकायचा, हे अनेकजण करतात. पोलीस चौकशीला येतात, दाराला कुलूप. शेजारी सांगतात, 'तो इथे राहत नाही.' अहवाल 'इनकम्प्लीट' किंवा 'अ‍ॅडव्हर्स' जातो आणि फाईल पुन्हा पहिल्या पायरीवर येते. सध्या जिथे राहता तोच पत्ता द्या, मग त्यासाठी भाडेकरार नोंदवावा लागला तरी चालेल. आणि पडताळणीसाठी येणाऱ्याला 'चहापाणी' देण्याची कोणतीही फी नाही. ऑनलाईन भरलेल्या पैशांपलीकडे काहीच द्यायचं नसतं.

तिसरं ठिकाण म्हणजे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय. मुंबई, पुणे आणि नागपूर इथली कार्यालयं महाराष्ट्राचे अर्ज हाताळतात. स्टेटसमध्ये 'अंडर रिव्ह्यू' दिसलं की समजायचं, फाईल इथे आहे. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं, जुना पासपोर्ट हरवलेला, पती-पत्नीचा वाद कोर्टात, अशी प्रकरणं इथे येऊन थांबतात. जन्मदाखल्याचा नियमही नीट बघून घ्या. २०२५च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅनकार्ड असे पर्याय अजून आहेत.

कोरी पासपोर्ट पुस्तिका नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. तुमचं नाव आणि फोटो त्यावर नंतर उमटतो. एकदा ते झालं की पुढचा प्रवास स्पीड पोस्टचा, आणि तिथे फारसं काही अडत नाही.

तत्काळ घेतलं म्हणजे झालं का?

३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळसाठी वर २,००० रुपये. बदल्यात पोलीस पडताळणीची वाट न बघता तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी पासपोर्ट रवाना व्हावा, अशी अपेक्षा असते. पडताळणी टळत नाही, ती नंतर होते. पण जास्त पैसे भरले म्हणून तत्काळ हा हक्क होत नाही. कागदांत शंका वाटली तर अधिकारी तुमचा अर्ज नेहमीच्या रांगेत टाकू शकतो. नावात मोठा बदल करायचा असेल तर तत्काळच्या भरवशावर तिकीट काढू नका.

मग आपल्या हातात काय?

बरंच काही. परदेशी जाणं हा जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम २१चा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्ये सांगितलं. त्याआधी पासपोर्ट देणं-न देणं ही सरकारची मर्जी होती. त्याच निकालामुळे त्याच वर्षी पासपोर्ट कायदा करावा लागला. १९७८च्या मनेका गांधी खटल्याने हा हक्क आणखी पक्का केला.

या कायद्याच्या कलम ६मध्ये पासपोर्ट नाकारण्याची कारणं दिलेली आहेत. नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं, मागितल्यावर तुम्हाला त्याची प्रत द्यावी लागते (काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ देशाची सुरक्षा), आणि त्यावर अपील करता येतं. फौजदारी खटला चालू असला तरी दार बंद होत नाही. १९९३च्या अधिसूचनेनुसार कोर्टाची परवानगी आणली तर ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळतो.

जानेवारी २०२५मधलं एक प्रकरण इथे सांगायला हवं. एका अल्पवयीन विद्यार्थिनीला अभ्यास सहलीसाठी जपानला जायचं होतं. आई-वडिलांचा घटस्फोटाचा वाद चालू होता आणि वडिलांनी हरकत घेतल्यामुळे पुण्याच्या कार्यालयाने अर्ज रोखला. मुंबई उच्च न्यायालयाने वडिलांच्या हरकतीमुळे तिचा हक्क हिरावता येणार नाही असं म्हणत पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. हक्क कागदावर होताच, पण तो वापरायला त्या मुलीला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

कोर्टापर्यंत जायची वेळ प्रत्येकावर येत नाही. २१ दिवस उलटूनही पोलीस अहवाल गेला नसेल तर आधी ठाण्यात फाईल क्रमांक घेऊन विचारा, मग १८००-२५८-१८०० या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा, आणि तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकारात 'माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणाकडे आहे' एवढंच विचारा. लांबलचक गाऱ्हाण्यापेक्षा हा एका ओळीचा प्रश्न जास्त कामाचा ठरतो, कारण त्याला उत्तर म्हणून तारीख आणि पद लिहावं लागतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. कोविडनंतर प्रवास सुरू झाला तेव्हा ब्रिटनने २०२२मध्ये नागरिकांना दहा आठवडे आधी अर्ज करायला सांगितलं. २०२३च्या मार्चमध्ये अमेरिकेत साध्या अर्जाला १० ते १३ आठवडे लागत होते, आणि तो आकडा कोविडपूर्व पातळीवर यायला डिसेंबर उजाडला.

जुना पासपोर्ट असेल तर आत्ता उघडून मुदत बघा. संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं, आणि अनेक देश किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत. म्हणजे दहा वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेनऊ वर्षांचाच धरायचा. आणि अर्ज करताना सर्चमध्ये पहिली येणारी साईट उघडू नका. सरकारी साईटसारख्या दिसणाऱ्या बनावट साईट्स जास्तीचे पैसे आणि तुमची सगळी माहिती घेऊन जातात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, एवढं बघूनच पैसे भरा.