बंद पडलेली किकची गाडी पुन्हा सुरू करायचीय? मग किक सगळ्यात शेवटी मारा

गावाकडच्या पडवीत, सोसायटीच्या जिन्याखाली किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली झाकलेली एखादी गाडी अनेक घरांत असते. हिरो होंडाची सीडी १०० किंवा स्प्लेंडर, यामाहाची आरएक्स १००, नाहीतर एखादी जुनी बुलेट. वडिलांनी वापरली, मग नवी गाडी आली आणि ही तशीच राहिली. एखाद्या सुट्टीत कुणीतरी चादर काढतो, टाकी हलवून बघतो, आत पेट्रोल खळखळतं, आणि लगेच जोर लावून किका मारायला लागतो.

नुकसान होतं ते नेमकं इथेच.

गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली ओघळून जातं. दमट हवेत, विशेषतः कोकणात, त्या कोरड्या लोखंडावर गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथेच चिकटतात. अशा वेळी किकवर उडी मारली तर रिंग तुटू शकते, सिलिंडरला चरे पडू शकतात किंवा किकचे दाते झिजतात. शंभर-दोनशे रुपयांत भागणारं काम मग इंजिन खोलण्यापर्यंत जातं.

म्हणून आधी स्पार्क प्लग काढायचा. त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडायचं (आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत टू-टी ऑइल) आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी चावी बंद ठेवून किक हाताने हळूहळू खाली दाबायची. सहज फिरली तर उत्तम. नाही फिरली तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हलकेच पुढे-मागे करून बघायचं. तरीही जाम असेल तर पुन्हा ऑइल आणि आणखी दोन-चार दिवस. त्यानंतरही हलत नसेल, तर मेकॅनिक गाठावा.

आता पेट्रोल. टाकीत जे खळखळतं ते पेट्रोल राहिलेलं नसतं. त्यातला चटकन पेट घेणारा भाग काही महिन्यांत उडून जातो आणि मागे वार्निशसारखा चिकट थर उरतो. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाकायचं. ते गटारात ओतू नये, आणि हे काम करताना जवळपास विडी-सिगारेट, देवाचा दिवा, काहीही पेटतं नको. आत गंज दिसला तर टाकी गाडीवरून उतरवून, पेट्रोलचा कॉक काढून तिथलं तोंड घट्ट बंद करायचं. मग टाकीत व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवायचं, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची. कॉकची जाळी आणि रबरी पाइप बदललेलेच बरे, ते फार महाग नसतात.

पण निम्म्याहून जास्त गाड्या अडतात त्या कार्बोरेटरपाशी. त्यातला पायलट जेट म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक. चिकट थराने ते बुजलं की गाडी एकतर चालूच होत नाही, किंवा चोकवर चालू होते आणि चोक काढताच बंद पडते. जेट काढून उजेडासमोर धरायचा. आरपार दिसायला हवं. साफ करायला क्लीनर आणि हवेचा झोत वापरावा, लोखंडी तार घालू नये, भोक मोठं होतं.

एअर फिल्टरचा डबा आणि सायलेन्सरचं तोंडही बघावं. उंदरांना तिथे घर करायला फार आवडतं, आणि वायरी कुरतडतात ते वेगळंच.

ठिणगी तपासायची तर उघडं पेट्रोल आधी लांब ठेवावं आणि प्लगचं भोक फडक्याने झाकावं. मग प्लग कॅपमध्ये बसवून त्याचं लोखंडी अंग इंजिनला टेकवायचं आणि किक मारायची. निळसर ठिणगी दिसली की काम झालं. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ही वीज मॅग्नेटोतून येते, त्यामुळे बॅटरी मेलेली असली तरी गाडी चालू होऊ शकते. पॉइंटवाल्या जुन्या बुलेटला मात्र बॅटरीत थोडा जीव लागतो. बुलेटची किक उलटी बसली तर पायाला जबर इजा होते, म्हणून अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मगच पूर्ण किक मारायची.

एवढं झालं की इंजिन ऑइल बदलायचं, ताजं लिटरभर पेट्रोल टाकायचं, चोक ओढायचा आणि किक. सुरुवातीला पांढरा-निळा धूर येईल. तो बऱ्याचदा आत सोडलेल्या ऑइलचाच असतो. गाडी उघड्यावरच चालू करावी. बंद खोलीत सायलेन्सरमधून येणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो, आणि त्याला वास नसतो.

इंजिन चालू झालं म्हणून गाडी रस्त्यावर नेण्याजोगी झाली, असं नाही. क्लच प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. क्लच दाबून पहिला गिअर टाकला तरी गाडी झेप घेते, समोर भिंत असली तर थेट भिंतीवर. म्हणून इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, गिअरमध्ये गाडी मागे-पुढे ढकलून बघावी. ब्रेकचा ड्रम उघडून लायनर पाहावेत, केबल नव्या टाकाव्यात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ३४१४ म्हणजे २०१४ सालचा ३४वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर बदललाच पाहिजे, रबर आतून कडक होऊन तडकलेलं असतं.

शेवटी कागदपत्रं. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असेल तर आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. विमा आणि पीयूसी लागतंच. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसवावी लागते. गाडी अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावे हस्तांतरण करावं लागेल.