हंगामाची चाके

मांडवी हा शब्द मुळात जकातीच्या नाक्याचा. म्हणून मुंबईत मांडवी आहे, कच्छात मांडवी आहे, आणि आमच्या रत्नागिरीतही काळसर वाळूच्या किनाऱ्यावर एक मांडवी आहे. जिथे माल उतरे तिथे जकात, आणि जिथे जकात तिथे मांडवी, असा हा सरळ हिशेब. या किनाऱ्याला पिढ्यान् पिढ्या एक कायदा चालत आला. तो कोणी कागदावर लिहिला नव्हता, पण मोडण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नसे. ज्येष्ठात नैर्ऋत्येचा वारा सुटला की मचवे नि होड्या ओढून वर घ्यायच्या, माडाच्या झावळांची झापे घालून त्या शाकारायच्या, आणि श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत पाण्यात लोटायच्या नाहीत. मुंबईची आगबोटही हाच नियम पाळी. हंगामात ती बंदराबाहेर उभी राही आणि उतारू पडावातून हिंदकळत धक्क्याला लागत. पावसाळा आला की आगबोट बंद. मग ज्याला आषाढात मुंबईहून रत्नागिरीस यायचे त्याने आगगाडीने कोल्हापूर गाठावे आणि आंबा घाट उतरून यावे. केवढा वळसा! पण तो वळसा लोक मुकाट्याने घेत.

हे आठवण्याचे कारण मात्र अगदी परदेशी आहे. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले-नातवंडे आज जर्मनीत, स्वीडनमध्ये, कॅनडात संसार थाटून आहेत. आश्विन सरता सरता त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो, तो फोनवरून इकडे येतो, आणि ओटीवर बसलेल्या आजोबांना त्याचा आगापिछा कळत नाही. थंडीसाठी मोटारीला वेगळे टायर घालावेत की नाही? चार धडधाकट टायर असताना आणखी चार विकत घ्यायचे, दिवाळीच्या सुमारास चढवायचे आणि चैत्रात उतरवायचे, हा काय उधळेपणा? आजोबांचा तरी काय दोष! रत्नागिरीची थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक चादर. पण आजोबांना हा प्रश्न परका वाटण्याचे खरे म्हणजे कारण नाही. तो होडी शाकारण्याचाच प्रश्न आहे, आणि त्याच्यामागे दोनशे वर्षांची हकीकत आहे.

आपल्या बैलगाडीचा टायर लोखंडाचा. त्याला आपण धाव म्हणतो. लोहार ती तापवून लाल करी. तापल्याने ती किंचित फुगे. तशीच ती लाकडी चाकावर बसवून वरून पाणी ओतले की चर्र आवाज होऊन ती आवळे, आणि तुंबा नि आरे एकजीव होऊन जात. उन्हाने वाढावे नि गारव्याने आखडावे हा लोखंडाचा स्वभाव लोहाराने असा कामाला जुंपला होता. पण त्या धावेलाही ऋतू होताच. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल पडे, तेव्हा शहाणा गाडीवान चाके पाण्यात भिजत ठेवी.

रबराचा स्वभाव याहून लहरी. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉश याने कापडाच्या दोन थरांत रबर घालून पावसाळी कापड काढले. त्याचे कोट इंग्लंडात लोकांनी हौसेने शिवले, आणि मग कपाळाला हात लावला. कारण थंडीत ते कोट पुठ्ठ्यासारखे ताठ होत आणि उन्हात अंगाला चिकटत. या लहरी पदार्थाला वळण लावण्याच्या नादात चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसाने घरदार पणाला लावले. १८३९ साली गंधक घालून तापवलेले रबर थंडी-उन्हात टिकते हे त्याला उमगले. १८४४ साली त्याने पेटंट घेतले. आणि १८६० साली तो कर्जात बुडालेलाच मेला. आज त्याच्या नावाने चालणारी टायर कंपनी १८९८ साली दुसऱ्याच लोकांनी काढली, तिचा एक पैसाही त्याच्या वंशात गेला नाही. हवेचा टायर १८४५ साली रॉबर्ट टॉमसनला सुचला, पण तो विसरला गेला. १८८८ साली बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तो पुन्हा शोधून काढला, तेव्हा कुठे जग रबरावर धावू लागले.

गुडइयरने रबराचा चिकटपणा घालवला आणि त्याचे थंडीचे भय पुष्कळ कमी केले. संपवले मात्र नाही, आणि सगळी मेख इथे आहे. टायर रस्त्याला धरतो तो नुसत्या वजनाने नव्हे. रस्त्यावरच्या बारीक खाचाखळग्यांत रबर क्षणभर रुतून बसते, म्हणून धरतो. त्यासाठी ते मऊ हवे. पारा सुमारे सात अंशांखाली गेला की साध्या उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, असा तिकडचा ढोबळ हिशेब आहे. बर्फ पडलेला असो वा नसो! रस्ता कोरडा ठणठणीत दिसत असतो, ऊनही पडलेले असते, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी पाहिजे तिथे थांबत नाही.

थंडीत आखडलेले रबर काय करू शकते याचा सर्वांत भयंकर दाखला मोटारीचा नाही, अंतराळयानाचा आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर रात्रभर गोठवणारी थंडी पडली होती. 'चॅलेंजर' यान सकाळी सुटायचे होते. त्याच्या रॉकेटांचे सांधे रबरी कड्यांनी बंद केलेले होते, आणि ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी आदल्या रात्री परोपरीने सांगितले की एवढ्या थंडीत ही कडी दगा देतील, उद्या सोडू नका. वरच्यांनी ते ऐकले नाही. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि त्यातली सातही माणसे गेली. त्यांत एक शाळेतल्या शिक्षिका होत्या. पुढे चौकशी चालू असता रिचर्ड फाइनमन या पदार्थवैज्ञानिकाने भर सभेत त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि काढून दाखवला. दाब काढला तरी रबर चटकन फुगून पूर्ववत होईना. एक पेला पाणी आणि एक चिमटा! जे आदल्या रात्री कोणाला पटवता आले नाही ते सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

असो. आपण मोटारीकडे वळू. बर्फाळ रस्त्यावर पहिला उपाय निघाला तो साखळीचा. १९०४ साली अमेरिकेत हॅरी वीड याने चाकाला गुंडाळायच्या साखळ्यांचे पेटंट घेतले. आजही हिमाचलात सोलंगच्या वाटेवर बर्फ पडले की साखळ्या लागतातच. पण साखळी ही बर्फापुरती. कोरड्या रस्त्यावर ती खडखडते, तुटते, रस्ताही खरवडते. हिवाळ्याचा म्हणून खास टायर केला तो फिनलंडने, आणि ते साहजिकच होते. १९३४ साली तिथल्या रबर कारखान्याने मालमोटारींसाठी आडव्या खोल खाचांचा टायर काढला आणि १९३६ साली साध्या मोटारींसाठी. हा कारखाना नोकिया गावचा. होय, तेच नोकिया! पुढे १९६७ साली कागदाचे, तारांचे नि रबराचे कारखाने एक झाले आणि त्या घराण्यात मोबाइल टेलिफोन जन्माला आला. आपल्याकडे ज्यांनी नोकियाचा फोन खिशात बाळगला त्यांना त्याचा हा थोरला भाऊ ठाऊक नव्हता.

त्या मोटारीच्या टायरचे नावही मोठे मजेचे आहे: हाक्कापेलीता. सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांना हे नाव पडले ते त्यांच्या रणगर्जनेवरून. तिचा अर्थ 'कापून काढा' असा काहीसा. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ १६३२ साली ल्यूट्झनच्या रणात पडला तेव्हा हे स्वार त्याच्या सैन्यात होते, आणि त्या वेळी शिवबाराजे शिवनेरीवर दोन वर्षांचे होते. एखाद्या टायरला 'मावळा' म्हणावे तसेच हे. बर्फात चालायचे तर मावळ्याच्याच पायाचे टायर हवेत, यात शंका नाही.

या टायरचे गुपित दोन गोष्टींत आहे. एक, त्याच्या रबराचे मिश्रणच असे की गारठ्यातही ते मऊ राहते. दुसरे, त्याच्या अंगावर सुरीने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्या बर्फ पकडून धरतात, आणि बर्फाला बर्फ जितके चिकटते तितके दुसरे काही चिकटत नाही. पोरे बर्फाचे गोळे करतात ते याच न्यायाने. पुढे टायरला धातूचे खिळे बसवायची टूम निघाली. गोठलेल्या रस्त्यावर ते खिळे उत्तम चालत. पण बर्फ नसता तेच खिळे डांबर खरवडू लागले. जर्मनीने १९७५ साली ते बंद केले. जपानात सेंदाई शहरावर हिवाळाभर रस्त्यांची खरवडलेली धूळ तरंगू लागली, माणसे खोकू लागली, आणि १९९० साली तिथेही कायद्याने आळा घातला. उत्तरेकडे फिनलंड, स्वीडन इथे मात्र खिळे अजून आहेत. तिथला बर्फच तसा.

आता कायद्याची गंमत पाहा. जर्मनीत २००६ साली नियम झाला की हवामानाला 'योग्य' असे टायर गाडीला असावेत. योग्य म्हणजे काय, ते कोणी सांगितले नाही. एका मोटारवाल्याला उन्हाळी टायरांवर बर्फाळ रस्त्यावर पकडले, दंड केला. तो न्यायालयात गेला, आणि २०१० साली ओल्डेनबुर्गच्या न्यायालयाने म्हटले की ज्या नियमाचा अर्थ माणसाला कळत नाही त्याबद्दल त्याला दंड कसा करता? झाले! त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने नियम पुन्हा लिहिला आणि निसरड्या रस्त्याचे प्रकार नावानिशी घातले. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तर पर्वतशिखरात हिमकणाचे चिन्ह असलेलाच टायर हिवाळी मानला जातो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने २००८ सालच्या हिवाळ्यापासून असे टायर सक्तीचे केले. आता तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च ही मुदत आहे. उलट इंग्लंडात अशी सक्ती नाही, आणि लंडनच्या ओल्या, बेताच्या थंडीत अनेकजण बारमाही टायरांवर निभावून नेतात. तसे केले तर मी त्यांना नावे ठेवणार नाही. माँट्रियलच्या माणसाने मात्र तो मोह धरू नये.

पण मला सर्वांत आवडते ती जर्मनांची लोकरीत. ते म्हणतात, हिवाळी टायर 'ओ ते ओ' वापरावेत: ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. ईस्टर हा सणही चंद्राच्या गणिताने मागेपुढे होतो, अगदी नारळी पौर्णिमेसारखा. एवढे शास्त्रप्रिय लोक, पण टायर उतरवायची तारीख त्यांनी सणाच्या स्वाधीन केली. दरवर्षी हवामानखात्याचे भाकीत पाहून ठरवायचे म्हटले की माणूस आज-उद्या करीत राहतो. सण आला की हात आपोआप चालतो. आपल्याकडे उलटे झाले आहे. मासेमारीची बंदी आता सरकारी तारखांनी, १ जून ते ३१ जुलै, पाळली जाते. नारळ मात्र पौर्णिमेलाच वाहिला जातो.

टायर बदलायचे नाहीत असे म्हणणाऱ्यांची कारणे सगळ्या देशांत सारखीच. पहिले कारण पैशाचे. ते दिसते तेवढे खरे नाही. हिवाळी जोड चाकांवर असतो तेव्हा उन्हाळी जोड तळघरात विसावा घेतो, म्हणजे झीज दोघांत वाटली जाते. चढवण्या-उतरवण्याची मजुरी तेवढी वाढते. मात्र काटकसर म्हणून दोनच नवे नि दोन जुने असे करू नये. निम्मी गाडी थांबते नि निम्मी घसरते, आणि गाडी गरकन फिरते. दुसरे कारण हाताचे: "मी वीस वर्षे चालवतोय." किंवा गाडीचे: "माझी चारही चाकांनी ओढते." चारही चाकांनी ओढणारी गाडी निघायला झकास, थांबताना तिलाही तेच चार टायर.

तिसरे कारण मला सर्वांत घातकी वाटते: "जवळच तर जायचे आहे." १७ जुलै १९४७ ची आषाढी अमावस्या आठवा. लांब पल्ल्याच्या कोकण आगबोटी पावसाळ्यामुळे उभ्या होत्या, पण भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणे म्हणजे केवळ समोरच्या काठाला जाणे. 'रामदास' बोट सकाळी माणसांनी गच्च भरून निघाली, आणि काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. कित्येक घरांत गटारीचा घास तसाच राहिला. समुद्राने अंतर मोजले नाही. एखादी आई मुलाला शाळेतून आणायला निघते, शाळा कोपऱ्यावरच असते, आणि नेमका त्या कोपऱ्यावर सावलीतला रस्ता गोठलेला असतो.

इथे रत्नागिरीत आपल्याला हिवाळी टायर नकोत, हे सांगायला नको. उलट ते इथल्या उन्हात मऊ पडून लवकर झिजतील नि ब्रेकही लांबवतील. आपला हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. परशुराम घाटात ज्येष्ठाच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचे तेल नि धूळ वर येते, तेव्हा टायरच्या खाचांना पाणी बाजूला सारायचे असते. आपल्या नियमांत मोटारीच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झालेल्या चालत नाहीत. त्या पाहायला कारखान्यात जावे लागत नाही, खाचांच्या तळाशी रबराची लहानशी उंचवट्याची पट्टी असते. टायर झिजून तिच्या पातळीला आला की त्याचे दिवस भरले. हे पाहण्याचा मुहूर्त वटपौर्णिमेच्या आधीचा.

आपल्या दारांत आकाशकंदील चढतात त्याच सुमारास तिकडे गराजांच्या दारांत मोटारींची रांग लागते. आठ-आठ दिवस आधी वेळ घ्यावी लागते, आणि पहिला बर्फ पडलेल्या सकाळी तर फोनही लागत नाही. तेव्हा फराळाचा डबा पोचला का हे विचारण्यासाठी फोन कराल, त्याच फोनवर टायर चढवले का हेही विचारून घ्यावे.