चांद्याचे नीळकंठशास्त्री

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होऊन चांद्याचा जंगली मुलूख कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. पुढे १८७० च्या सुमारास स्कॉटलंडच्या एपिस्कोपल पंथाने गोंड राजांच्या परकोटाआडच्या या नगरात आपले मिशन उघडले. पण आरंभीच्या वर्षांत ज्यांच्यावर या मिशनची जबाबदारी पडली, ते ना गोरे साहेब होते, ना उत्साही व्याख्याते. नेहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे कोकणस्थ कुळातले, काशीस वाढलेले, दर्शनशास्त्रांत मुरलेले पंडित. ज्यांनी तरुणपणी ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ संस्कृतात ग्रंथ रचला, त्यांनीच १८४८ च्या मार्चमध्ये, आप्तांचा क्षोभ टाळण्यासाठी काशी सोडून, जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला, आणि १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून आपल्याच पूर्वाश्रमीच्या सिद्धान्तांची झडती घेतली.

असा पुरुष एकदा निर्णय झाल्यावर निश्चिंत झाला असेल, असे कोणासही वाटेल. परंतु गोऱ्ह्यांची कैफियत निराळी होती. ज्या तर्कबुद्धीने त्यांना जुन्या घरातून बाहेर काढले, तीच नव्या घरातही त्यांना स्वस्थ बसू देईना. शंका उठे, प्रार्थना व अध्ययन यांच्या बळावर तिचे निवारण होई, आणि थोड्याच दिवसांत दुसरी शंका दाराशी येऊन उभी राही. १८७६ साली ते इंग्लंडात काउली येथील ख्रिस्ती संन्यासी संघाकडे गेले, तेथेही उमेदवारच राहिले. त्यांच्या चरित्रकारांना या अस्थैर्याची किंचित लाज वाटते की काय न कळे. मला मात्र चांद्याच्या मंडळीचे हे भाग्यच वाटते, की श्रद्धा ही एकदा सनद मिळाली म्हणजे वंशपरंपरा चालणारी जहागीर नव्हे, हे स्वानुभवाने जाणणारा पाळक तिला प्रारंभीच लाभला.

याच गोऱ्ह्यांच्या लेखी युक्तिवादाने पंडिता रमाबाईंचे मन वळले व २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण बुद्धीला पटले म्हणजे हृदयाला लाभले असे नव्हे. आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली रमाबाईंनी १९०७ साली आपल्या आत्मनिवेदनात दिली. आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या आसपास, ही उणीव त्यांच्या ध्यानी आली तेव्हा नवे मत शोधीत न बसता त्या घेतलेल्याच व्रताकडे नव्याने वळल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ मुली-विधवांस आश्रयास नेले, आणि १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात जे धर्मजागरण झाले त्याची कीर्ती देशोदेशी पोहोचली. गोऱ्हे ते पाहावयास उरले नव्हते. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

चांद्याची पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळील तेलुगूभाषी सिरोंच्यात अमेरिकन मेथडिस्ट आले. चांद्यास दीर्घकाळ राहिलेले अलेक्झांडर वुड १९२६ साली नागपूरचे बिशप झाले. १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांनी या भागात स्वतंत्र मिशन-क्षेत्र उभारले व त्याचे ठाणे बल्लारपुरास झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास अनेक पंथ एकवटून उत्तर भारतीय चर्च निर्माण झाले, त्यात अँग्लिकन सामील झाले, अमेरिकन मेथडिस्ट मात्र वेगळे राहिले. दप्तरे अशी बदलत गेली.

दप्तरात न उतरणारा भाग मंडळीच्या वर्षचक्रात दिसतो. या धानाच्या प्रदेशात रोवणीचे दिवस आले की उपासनेची बाके ओस पडतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेच जंगलाची वाट धरलेला मनुष्य रविवार पाळील कसा? एरवी शिस्तीचा भोक्ता असलेला पाळकही त्या काळात फारसा रागावत नाही, आणि ते मला योग्यच वाटते. पुढे श्रद्धा नव्याने जागवणारी संजीवन सभा भरते, वडील मंडळी गैरहजर कुटुंबाच्या अंगणात खाटेवर बसून चहा घेतात, कोणावर ठपका न ठेवता प्रार्थना करून उठतात. आणि हंगामाच्या सणाला तेच कुटुंब नव्या धानाची टोपली, भोपळा, क्वचित पाय बांधलेला कोंबडा घेऊन वेदीपाशी येते. उपासना संपताच बाहेर त्या कोंबड्याचा लिलाव सुरू होतो, आणि बोली बहुधा ज्याने तो आणला तोच सर्वांत मोठ्याने लावतो.