न्हाणीघर (वर्धा जिल्हा)

न्हाणीघर : अंघोळ आणि धुण्यासाठी घरात राखलेली जागा, बोलीत ‘न्हाणी’. फरशीवरचे पाणी नळीत सोडून गटाराची दुर्गंधी अडवणाऱ्या भांड्याला देशभरचे प्लंबर ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात, ते याच शब्दावरून.

परंपरा : जुन्या घरांत न्हाणी परसदारी, विहिरीच्या वाटेवर असे. दगडी फरशी, पाणी तापवायला तांब्याचा बंब किंवा चुलीवरचा हंडा, विसणासाठी घंगाळ. सांडपाणी केळी-अळूच्या वाफ्यात जाई. संडास घरापासून दूर असे. नळ आणि सेप्टिक टँक आल्यावर दोन्ही घरात आले, तेव्हा ओल, वास आणि उजेड यांचे प्रश्नही घरात शिरले.

सेवाग्राम : महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावला आले, १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. शिष्या मीराबेन यांच्यासाठी बांधलेली कुटी पुढे गांधीजींचे निवासस्थान, म्हणजे ‘बापू कुटी’ बनली. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांच्या या घरात डामडौल नाही, पण स्नानघर ऐसपैस आहे. शौचालय दिवाणखान्याइतके स्वच्छ असावे, अशी गांधीजींची धारणा होती. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७८ मध्ये सेवाग्राम येथील भाषणात या कुटीतील सात प्रकारच्या जागा सांगितल्या. त्यांत बसण्याची, पाहुण्यांची, आजाऱ्याची अशा जागांच्या बरोबरीने स्नानघरही मोजले. उरल्यासुरल्या कोपऱ्यात न्हाणी बसवण्याच्या आजच्या रीतीला हा नमुना चांगले उत्तर आहे.

जागा व हवामान : वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५° से.च्या वर जातो. न्हाणी पश्चिमेला काढली, की दुपारचे ऊन ती स्वतःवर घेते आणि निजण्याच्या खोल्या थोड्या थंड राहतात; त्याच उन्हाने फरशीही लवकर सुकते. खिडकी छताजवळ असावी, म्हणजे वाफ बाहेर जाते आणि आडोसाही राहतो. गच्चीवरच्या टाकीला सावली नसेल, तर उन्हाळ्यात दुपारी नळाचे पाणी अंगावर घेववत नाही.

मापे व मांडणी : राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्नानगृह किमान १.८ चौ. मी., तर शौचालयासह २.८ चौ. मी. असावे, रुंदी किमान १.२ मी. सुकी जागा दाराशी आणि ओली जागा दूरच्या टोकाला ठेवावी. फरशीला ट्रॅपच्या दिशेने दर मीटरला दीड-दोन सेंमी. उतार लागतो. फरशी खरबरीत असावी. वृद्धांसाठी संडासाजवळ भिंतीत पक्का दांडा बसवावा आणि दार बाहेर उघडणारे ठेवावे. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते.

माती व सांडपाणी : जिल्ह्यातील काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या हालचालीने कच्च्या पायाच्या भिंतींना तडे जातात आणि पाणी मुरते. म्हणून टाइल लावण्यापूर्वी फरशी व भिंतींचा खालचा भाग जलरोधक करण्याचा खर्च टाळू नये. या मातीत पाणी हळू झिरपते. त्यामुळे दोन खड्ड्यांच्या शौचालयात खड्ड्याभोवती वाळूचा सुमारे ३० सेंमी. थर देतात. अंघोळीचे पाणी या खड्ड्यात न सोडता परसातल्या झाडांना द्यावे.

सौंदर्य : विहीर-बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग गडद, चकचकीत टाइलवर उठून दिसतात, फिक्या, निस्तेज टाइलवर ते लपतात. साबण-तांब्यासाठी भिंतीतच कोनाडा केला, की फरशी मोकळी राहते आणि झाडणे सोपे होते. न्हाणीची शोभा कोरडी फरशी, सकाळचा उजेड आणि हाताशी असलेली वस्तू यांत आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जिथे निर्धास्त अंघोळ करता येते, ती न्हाणी उत्तम बांधलेली समजावी.