महापालिकेचा दंड: ठरवतं कोण, घेतं कोण आणि कागदावर काय बघायचं

मोहल्ल्यात कुणी म्हणालं की "मुन्शिपाल्टीने जुर्माना लावला", तर त्याचा अर्थ काहीही असू शकतो. रस्त्यावर थुंकल्याचे पैसे, उचलून नेलेली हातगाडी, घरपट्टीच्या बिलावरची शास्ती, वाढवलेल्या मजल्याची नोटीस, सगळं एकाच शब्दात जातं. वाहतूक पोलिसांचं ई-चलानही लोक यातच धरतात. त्याचा पालिकेशी संबंध नाही. ते मोटार वाहन कायद्याखाली असतं. बाकीच्यांचे नियम, रक्कम आणि वसुलीची पद्धत वेगवेगळी आहे. म्हणून आम्ही हे एका ठिकाणी मांडत आहोत.

दंडाची रक्कम अधिकाऱ्याच्या मर्जीवर नसते. मुंबईसाठी १८८८ चा महापालिका कायदा आहे, राज्यातल्या इतर महापालिकांसाठी १९४९ चा. या कायद्यांखाली पालिका उपविधी करते, सभागृह ते मंजूर करतं आणि राज्य सरकारची मान्यता मिळाल्यावर ते लागू होतात. काही दंड थेट राज्याच्या अधिसूचनेतून येतात. प्लास्टिकचं उदाहरण घ्या. मार्च २०१८ च्या बंदीत पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. किराणा दुकानदाराला हे आकडे पाठच असायला हवेत.

रस्त्यावरचा दंड जागेवर घेतला जातो. मुंबईत २००६ च्या स्वच्छता उपविधींत थुंकण्याला २०० रुपये होते, आणि वसुलीसाठी पालिकेने खासगी एजन्सीचे क्लीन-अप मार्शल नेमले. जो दंड गोळा करतो त्यालाच त्यातला वाटा, ही पद्धत आम्हाला मुळातच चुकीची वाटते. त्यातून तक्रारी आल्या, योजना बंद झाली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद झाली. कुणीही पैसे मागितले तर आधी ओळखपत्र बघा आणि पावती घ्या. पावती नाही तर तो दंड नाही, एवढं मुलांनाही शिकवून ठेवावं.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा पथविक्रेता कायदा आहे आणि तो आपल्या बाजूने बरंच काही सांगतो. परवान्याशिवाय धंदा केला किंवा अटी मोडल्या तर दंड जास्तीत जास्त २,००० रुपये. माल जप्त करताना यादी करून तिची सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. फळं-भाजी, मासळी असा नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी, आणि बाकीचा माल दोन कामाच्या दिवसांत, ठरलेली फी घेऊन परत करायचा असतो. यादी मागितलीच नाही तर पुढे कोणता माल, किती माल, हे सिद्ध कसं करणार?

सगळ्यात जास्त घरं अडकतात ती घरपट्टीत. मुदतीत भरली नाही की थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. १०,००० थकले तर महिन्याला २००, वर्षाला २,४००. पुढे नोटीस, मग जप्तीचं वॉरंट, शेवटी लिलाव. कराचा बोजा मिळकतीवरच असतो, म्हणून घर विकत घेणाऱ्याने जुनी पावती बघितलीच पाहिजे. अभय योजना किंवा लोकअदालतीत शास्तीत सूट मिळते, मूळ कर मात्र भरावाच लागतो. दरवेळी सूट मिळेलच असं धरून बसलेल्यांची थकबाकी आम्ही फुगताना पाहिली आहे.

परवानगीशिवाय बांधकाम असेल तर १९४९ च्या कायद्यातलं कलम २६७ अ लागतं. त्यात बांधकाम बेकायदा राहील तोवर दरवर्षी घरपट्टीच्या दुप्पट शास्ती आहे. पुढे लहान निवासी घरांना यात सवलती आल्या, तेव्हा आपल्याला काय लागू आहे ते कर विभागात लेखी विचारा. पण शास्ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं, हा समज घातक आहे. तसं होत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. वर्षानुवर्षं पैसे भरूनही पाडकामाची नोटीस येऊ शकते.

अशा नोटिशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी काही बंधनं घातली. नोटीस रजिस्टर पोस्टाने यायला हवी आणि घरावरही चिकटवायला हवी. उत्तराला किमान १५ दिवस आणि प्रत्यक्ष सुनावणी मिळायला हवी. अंतिम आदेशानंतरही १५ दिवस थांबावं लागतं. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची किंवा नदी-तलावाची जागा आणि न्यायालयानेच दिलेला पाडकामाचा आदेश याला अपवाद आहेत. नोटीस घेतली नाही म्हणून मुदत थांबत नाही. ती दारावर लागतेच. घ्या, तारीख लिहून ठेवा, लेखी उत्तर द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पालिकेच्या आवक विभागाचा शिक्का घ्या.