एअर फिल्टर बदलला: देखभाल, ट्यूनिंग की फेरफार? मौद्यातून एका छोट्या वस्तूचा इतिहास

इतिहासात पीएच.डी. करायची म्हटलं की डोळ्यासमोर संस्थानं, चळवळी आणि मोठे नेते येतात. या पोस्टमध्ये आपण उलट बाजूनं सुरुवात करू. विषय घेऊ गाडीच्या बोनेटखालचा एअर फिल्टर आणि ठिकाण घेऊ नागपूर जिल्ह्यातलं मौदा. प्रश्न असा: कंपनीनं दिलेला फिल्टर काढून बाजारातला दुसरा बसवणं, या एकाच कृतीला गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत वेगवेगळी नावं का मिळाली?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जीपच्या काळात या कामाला देखभाल म्हणत. कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळात ते ट्यूनिंग झालं. आज कायद्याच्या भाषेत ते फेरफार ठरू शकतं. नाव बदललं, कारण बोनेटखाली काय असावं हे ठरवण्याचा अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात गेला. हा अधिकाराचा प्रवास शोधणं म्हणजेच या वस्तूचा इतिहास लिहिणं.

आधी वस्तू समजून घ्या

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना यंत्र कसं चालतं ते टाळून पुढे जाता येत नाही. त्यामुळे थोडं गणित करू. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे त्याला जवळजवळ ११ किलो हवा हवी. घनफळात मोजली तर ही ९ ते १० हजार लिटर होते. गाडीत आपण पेट्रोल भरतो असं म्हणतो खरं, पण इंजिन खातं ती मुख्यतः हवाच.

त्या हवेत धूळ असते आणि धुळीत सिलिका, म्हणजे वाळूचाच पदार्थ. हे कण दिसत नाहीत, पण ते पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये शिरले की पॉलिश पेपरसारखे घासतात. मग कॉम्प्रेशन उतरतं, गाडी ऑईल खायला लागते आणि शेवटी इंजिन उघडावं लागतं. म्हणून फिल्टरला एकमेकांच्या विरोधातली दोन कामं करावी लागतात: हवा जास्तीत जास्त सोडायची आणि धूळ कमीत कमी सोडायची. आफ्टरमार्केट फिल्टरचा, म्हणजे नंतर बाजारातून आणून बसवलेल्या फिल्टरचा, सगळा वाद या दोन कामांच्या तोलावर उभा आहे.

मौदाच का?

ठिकाण निवडताना "माझं गाव आहे म्हणून" हे कारण सिनॉप्सिसमध्ये चालत नाही. त्या ठिकाणामुळे प्रश्नाला काही वेगळं मिळतं का, ते दाखवावं लागतं.

मौदा हे कन्हान नदीकाठचं तालुक्याचं गाव नागपूर-भंडारा रस्त्यावर आहे. ब्रिटिश काळात नागपूरहून रायपूरकडे जाणारा हा मार्ग ग्रेट ईस्टर्न रोड म्हणून ओळखला जाई. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि आता ५३ आहे. आजूबाजूला धानाची शेती आणि राईस मिल. २०१०च्या दशकात इथे एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. त्यात ५०० मेगावॅटचे दोन आणि ६६० मेगावॅटचे दोन असे एकूण २,३२० मेगावॅटचे संच आहेत.

आता धुळीच्या नजरेनं हाच तालुका बघा. बांधीतली वाळलेली माती, मळणीच्या दिवसांतला कोंडा आणि तणसाचा भुसा, महामार्गावरची ट्रकची धूळ, कोळसा आणि राख यांची ने-आण. तांदळाचा कोंडा जाळल्यावर उरणाऱ्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. कोळशाच्या राखेतही सिलिका आणि अॅल्युमिना हेच मुख्य घटक. म्हणजे इंजिनाला त्रास देणारे पदार्थ इथे शेती, कारखाना आणि रस्ता अशा तिन्ही वाटांनी येऊ शकतात. त्यातलं कुठलं किती, ते मोजल्याशिवाय लिहायचं नाही. पण "धूळ" हा एकच शब्द इथे पुरत नाही, एवढं गृहीतक मांडायला हरकत नाही.

पहिला काळ: देखभाल

मोटारीच्या एअर क्लीनरची मुळं शहरात कमी आणि शेतात जास्त सापडतात. अमेरिकेत १९१५ साली फ्रँक डोनाल्डसन यांनी ट्रॅक्टरसाठी एअर क्लीनर बनवला, कारण शेतातल्या धुळीनं इंजिनं बसत होती. पुढे 'ऑईल बाथ' पद्धत रूढ झाली. तिची रचना साधी आहे. हवा एका भांड्यातल्या ऑईलवर आपटून एकदम वर वळते, जड धूळ ऑईलमध्ये अडकते आणि उरलेली वरच्या ओल्या जाळीत थांबते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपवर असाच क्लीनर होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं मुंबईत जीपची जोडणी सुरू केली तेव्हा ही पद्धत जीपसोबत आपल्याकडच्या रस्त्यांवर आली. पुढे ट्रॅक्टरांवर ती कितीतरी दशकं टिकली.

इथे बदली पार्ट विकत आणायचा प्रश्न फारसा येतच नाही. भांडं काढायचं, गाळ फेकायचा, जाळी डिझेलमध्ये धुवायची, खुणेपर्यंत ऑईल भरायचं, झालं. कधी करायचं ते ड्रायव्हर किंवा मिस्त्री गाळ बघून ठरवतो. फिल्टर चालतोय की नाही याचा पुरावा डोळ्यांसमोर असतो. हे ज्ञान मॅन्युअलमध्ये थोडं आणि हातात जास्त असतं. ज्याच्या हातात पाना, त्याच्याच हातात निर्णय.

दुसरा काळ: ट्यूनिंग

१९५० नंतर हळूहळू घडीच्या कागदाचा कोरडा फिल्टर मोटारींमध्ये आला. तो हलका होता आणि बारीक धूळ ऑईल बाथपेक्षा चांगली अडवायचा. पण तो धुता येत नाही, बदलावा लागतो. त्याबरोबर पार्टचा बाजार आला आणि 'कंपनीचा', 'लोकल', 'डुप्लिकेट' हे शब्दही आले. महाग वस्तू फेकायला जीवावर येतं, म्हणून फिल्टरला कॉम्प्रेसरनं हवा मारून तोच परत लावायची सवय लागली. जोराची हवा जवळून मारली तर कागद फाटतो आणि ते वरून दिसत नाही. ऑईल बाथमध्ये दोष डोळ्यांना दिसायचा, कागदात तो लपतो. मिस्त्रीच्या नजरेचं वजन इथे पहिल्यांदा कमी झालं, असं मी म्हणेन.

याच काळात तिकडे कॅलिफोर्नियात १९६९ साली के अँड एन ही कंपनी सुरू झाली. ऑईल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन परत वापरता येणारा फिल्टर ही तिची ओळख. मोटारसायकल आणि रेसिंगच्या जगात तो लोकप्रिय झाला. रेसच्या गाडीचं इंजिन वारंवार उघडलं जातं, त्यामुळे तिथे थोडी धूळ आत गेली तरी चालते पण ताकद कमी पडून चालत नाही. तालुक्याच्या गावात मात्र एकच गाडी दहा-पंधरा वर्षं चालवायची असते. 'जास्त हवा' हे वचन जिथे जन्मलं तिथली गरज वेगळी आणि जिथे विकलं गेलं तिथली वेगळी. वस्तू प्रवास करते तेव्हा तिच्यासोबतची गृहीतकंही प्रवास करतात. लिटरेचर रिव्ह्यू करताना हा मुद्दा जपून ठेवा.

वचन खरं किती, तेही तपासता येतं. थंड हवा दाट असते. बाहेर ४५ अंश आणि बोनेटखाली ६५ अंश असेल, तर बाहेरची हवा साधारण ६ टक्के दाट भरते. नागपूरकडच्या उन्हाळ्यात हा फरक छोटा नाही. पण मूळ डबा काढून इंजिनाजवळच उघडा कोन बसवला, तर इंजिन नेमकी गरम हवाच ओढतं. आवाज वाढतो, म्हणून पिकअप वाढल्यासारखा वाटतो. मूळ डबा आवाज दाबायचंही काम करत असतो, तो गेला की इंजिनाचा श्वास ऐकू येतो इतकंच. उलट, थंड हवेसाठी पाईप फार खाली नेला तर पावसाळ्यात साचलेलं पाणी इंजिनात जायची भीती.

कार्बोरेटरच्या गाडीत हवा वाढली की जेट बदलून पेट्रोलचं प्रमाण जुळवता येई. हे काम जाणकार मिस्त्री कानानं आणि स्पार्क प्लगचा रंग बघून करायचा. निर्णय अजून गॅरेजातच होता.

तिसरा काळ: फेरफार

मग दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. २००० साली देशभर धुराचे नवे नियम आले. पुढे १ एप्रिल २०१७ला भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२०ला भारत स्टेज ६ सगळीकडे लागू झालं. कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. हवा किती येते ते आता सेन्सर सांगतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. सुती फिल्टरला ऑईल जास्त लागलं तर ते उडून हवेच्या सेन्सरवर बसू शकतं आणि त्याचं मोजमाप चुकतं. मिस्त्रीच्या कानाला इथे फार जागा उरली नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात भर नोंदणीवर होता: गाडीत असा बदल झाला की आरसी बुकातला तपशील जुळत नाही, तर कार्यालयाला कळवा. १९८८च्या कायद्याचं कलम ५२ सन २०००मध्ये बदललं आणि मापदंड झाला उत्पादकानं मुळात दिलेला तपशील. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं: परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

मग फिल्टर बदलणं गुन्हा आहे का? कलम ५२च्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्यानं तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. त्याच डब्यात त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा फिल्टर टाकणं या व्याख्येत बसवणं अवघड आहे. पण डबा, नळी, सेन्सरची जागा असं सगळं बदललं आणि धुराचं प्रमाण बिघडलं, तर तेच सांगता येत नाही. 'मूलभूत वैशिष्ट्य' कुठे सुरू होतं हा वाद अजून मोकळा आहे, आणि संशोधकाला अशीच जागा हवी असते.

गाडीचं मॉडेल मंजूर होतं ते पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत. ही संस्था १९६६ सालची. म्हणजे तीन काळांत निर्णय मौद्याच्या गॅरेजातून पुण्याच्या चाचणीकेंद्रात गेला. हे वाईटच झालं असं पटकन लिहू नका. फिल्टर इंजिनाला हवेपासून वाचवतो, धुराचे नियम हवेला इंजिनापासून वाचवतात. गाडी ज्याची आहे त्याचा हक्क आणि रस्त्याकडेला श्वास घेणाऱ्याचा हक्क, दोन्ही या इतिहासात आहेत. एकच बाजू घेतलीत तर प्रबंध नाही, तक्रार अर्ज होईल.

आता रिसर्चकडे

डेव्हिड एजर्टन यांनी तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांवरून न लिहिता वापरावरून लिहावा, असा आग्रह धरला. डेव्हिड आर्नोल्ड यांनी २०१३च्या 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी'मध्ये सायकल, शिलाई मशीन, टाईपरायटर आणि राईस मिल या चार यंत्रांतून आधुनिक भारत पाहिला. राईस मिल त्यात आहे हे मौद्यावर काम करणाऱ्यासाठी सोयीचंच. पण दुरुस्ती आणि बदली पार्ट यांना मराठी मुलखातून अजून बरीच जागा आहे.

साधनं म्हणाल तर ओनर्स मॅन्युअल आणि पार्ट कॅटलॉग जमवा. जवळपास प्रत्येक मॅन्युअलमध्ये फिल्टर बदलायचं अंतर असतं आणि सोबत "धुळीच्या भागात लवकर" अशी सूचना. 'धुळीचा भाग' म्हणजे कुठला, हे कोण ठरवतं? तिथून एक प्रकरण निघू शकतं. १९०८चं नागपूर जिल्हा गॅझेटियर जुन्या रस्त्यांसाठी वाचा. कायद्याच्या तिन्ही अवस्था शेजारी ठेवून एकेक शब्द ताडून बघा. आणि जुन्या मिस्त्रींशी बोला.

बोलताना एक जबाबदारी मात्र विसरू नका. "तुम्ही गाड्या मॉडिफाय केल्या का?" हा आज साधा प्रश्न नाही. त्याचं उत्तर देणारा माणूस किंवा त्याचा गिऱ्हाईक दंडाच्या कलमात येऊ शकतो. आधी हेतू समजावून सांगा, संमती घ्या, नाव आणि गाडीचा नंबर टिपणात लिहू नका, फोटोत नंबरप्लेट येऊ देऊ नका. प्रश्न विचारताना 'फेरफार' हा शब्द तुम्ही आधी उच्चारू नका. "पहिले फिल्टरचं काम कसं करायचे?" असं विचारा आणि समोरचा कुठला शब्द वापरतो ते जसंच्या तसं लिहून घ्या. धुणं, हवा मारणं, बदलणं, सेटिंग करणं... तुमचं कालखंडाचं विभाजन या शब्दांतूनच तयार होईल. ते माझ्या तीन काळांशी जुळलं नाही तर माझी मांडणी बाजूला ठेवा आणि तुमची लिहा.